चंद्राचे फोटो दाखवून गळ्यात मारलेली दुर्बीण

दुर्बिणीला कॅमेरा जोडून चंद्राचे फोटो काढायची हौस असलेल्यांसाठी ऑनलाइन एक ‘संपूर्ण संच’ विकला जातो. आखूड नळीची आरशाची दुर्बीण, दोन-तीन आयपीस (डोळा लावायची भिंगं), प्रतिमा तीन पट मोठी करणारी बार्लो लेन्स, डीएसएलआर जोडायचं अडॅप्टर आणि आयपीसच्या जागी बसणारा ‘१२ मेगापिक्सेल’चा छोटा कॅमेरा. हा संच मी घेतला. विक्रेत्याने त्याबद्दल सांगितलेलं जवळपास काहीच खरं निघालं नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. कोणी घ्यायच्या विचारात असेल, तर आधी हे वाचा.

खरेदीपूर्वी मी एकच गोष्ट मागितली होती: याच दुर्बिणीतून काढलेले फोटो. विक्रेत्याने लगेच पाठवले, ‘आमच्या ग्राहकांनी काढलेले’ असं सांगून. त्यातल्या एका फोटोत एकात एक कडी असलेलं प्रचंड खोरं अगदी समोरून दिसतं. ते मारे ओरिएंटाले आहे, साधारण ९३० किलोमीटर रुंदीचं. चंद्र आपल्याकडे सतत एकच बाजू करून असतो. तो थोडा डोलतो म्हणून कालांतराने त्याचा सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला पाहायला मिळतो, पण ओरिएंटाले पृथ्वीवरून दिसलंच तर पार कडेला, चेपलेल्या पट्टीसारखं. ते समोरून टिपलं ते चंद्राभोवती फिरणाऱ्या यानांनी. लूनर ऑर्बिटर ४ ने १९६७ मध्ये काढलेले त्याचे फोटो प्रसिद्धच आहेत. म्हणजे जो फोटो पृथ्वीवरच्या कुठल्याही दुर्बिणीतून निघूच शकत नाही, तो आपल्या ग्राहकाच्या नावावर खपवला होता. इथे ‘चुकून झालं’ म्हणायला जागाच नाही.

दुसरा फोटो होता पूर्ण चंद्राचा, ‘सोबतच्या कॅमेऱ्याने एका क्लिकमध्ये’ काढलेला. हे खरं की खोटं, ते साध्या भागाकाराने कळतं. दुर्बिणीच्या फोकल लेंथला (आरशापासून प्रतिमा जिथे स्पष्ट उमटते तिथवरचं अंतर, मिलिमीटरमध्ये) ११० ने भागलं की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, चंद्र किती मोठा पडेल ते मिलिमीटरमध्ये मिळतं. या दुर्बिणीची फोकल लेंथ १००० मिमी, म्हणजे चंद्राची प्रतिमा सुमारे ९ मिमीची. त्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर जेमतेम ३.६ बाय २.७ मिमी. मध्ये प्रतिमा लहान करणारी लेन्स असल्याशिवाय त्यात अख्खा चंद्र मावणार नाही, आणि तशी लेन्स संचात नव्हती.

मेगापिक्सेलचा आकडाही खोटाच. फाइल उघडली की ४००० बाय ३००० दिसतं, म्हणून १२ मेगापिक्सेल वाटतं. कोपर्निकस विवराचा एक फोटो मी पडद्यावर पूर्ण आकारात पाहिला. विवराच्या भिंतींवरच्या पायऱ्या दिसायला हव्या होत्या, तिथे राखाडी रंगाचा सपाट लगदा होता आणि कडेने जिन्यासारखे दाते. मग तोच फोटो ६४० बाय ४८० पर्यंत लहान केला, पुन्हा मूळ आकारात ताणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. काडीचाही फरक नाही! खरा तपशील असता तर तो लहान करताना गेला असता. सेन्सर ०.३ मेगापिक्सेलचा, बाकीचे पिक्सेल सॉफ्टवेअरने मधे भरलेले. मुळात कमी पिक्सेलचा कॅमेरा वाईट नसतो. साध्या वेबकॅमवर व्हिडिओ घेऊन, त्यातल्या उत्तम फ्रेम एकावर एक रचून लोकांनी चंद्राची सुंदर चित्रं केली आहेत. पण मग ०.३ ला ०.३ म्हणा.

‘कुठलाही डीएसएलआर थेट लागतो’ हा दावा तर पहिल्याच रात्री उघडा पडला. कॅमेरा लागतो, फोकस लागत नाही. फोकसर (फोकस जुळवायची सरकती नळी) पूर्ण आत घेतला तरी चंद्र धूसरच, कारण डीएसएलआरचा सेन्सर कॅमेऱ्यात बराच मागे असतो आणि या दुर्बिणीची प्रतिमा तिथवर बाहेर येतच नाही. विक्रेत्याचं उत्तर: बार्लो लावा. बार्लोने प्रतिमा बाहेर सरकते हे खरं, पण तीन पटीने चंद्र २७ मिमीचा होतो आणि माझ्या डीएसएलआरचा सेन्सर २२ बाय १५ मिमीचा. वर त्या प्लास्टिकच्या बार्लोतून प्रत्येक विवराला जांभळी-पिवळी किनार.

१००० मिमी फोकल लेंथ आणि नळी तिच्या निम्मी, असं दिसलं तर समजा की फोकसरमध्ये एक भिंग बसवून फोकल लेंथ वाढवलेली आहे. तसं करणं ही फसवणूक नाही, विचारूनही ते लपवणं ही आहे. खोक्यावरचं ‘७५० पट’ही त्याच जातीचं. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला सुमारे दोन पट ही उपयोगी वर्धनाची मर्यादा. या दुर्बिणीच्या ११४ मिमी आरशाला साधारण २२८ पट. त्यापुढे धूसरपणाच मोठा होतो.

खोक्यात आयपीसवर चढवायचा सूर्याचा काळा फिल्टरही होता. तो मी फोडून टाकला. असा फिल्टर उष्णतेने तडकला तर डोळा कायमचा जातो.

पण खरी मेख होती तक्रारीनंतरच्या उत्तरांत. आधी ‘हवा खराब असेल’, मग ‘पौर्णिमेपर्यंत थांबा, तेव्हा चंद्र सर्वांत स्पष्ट येतो’. प्रत्यक्षात पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि विवरं सपाट दिसतात. बारकावे टिपायचे तर अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमारेषेलगत. हे सल्ले फोटो सुधारण्यासाठी नव्हतेच. पौर्णिमा उजाडेपर्यंत वस्तू परत करायची मुदत संपली, आणि मग उत्तर आलं: ‘वापरलेला माल परत घेत नाही.’

म्हणून विक्रेत्याकडे ‘नमुना फोटो’ मागू नका, कालच्या चंद्राचा मागा, मूळ फाइलसकट. सीमारेषा रोज पुढे सरकते, त्यामुळे कालची कला आणि फोटोतली कला जुळते का ते लगेच दिसेल. आणि वस्तू हाती आल्यावर काही बिनसलं, तर कुठल्याही तिथीची वाट न पाहता त्याच दिवशी परतीचा अर्ज करा, सगळं बोलणं लेखी ठेवा. माझी तक्रार मी फोटोंच्या पुराव्यासह विक्रीच्या संकेतस्थळाकडे दिली आहे. ती जाहिरात तिथून निघाली, पण तोच संच आता दुसऱ्या नावाने विकायला आहे. ओरिएंटालेचा तो फोटो त्या नव्या जाहिरातीतही पहिलाच आहे.