लेख ठेवायचा की वगळायचा: विकिपीडियाच्या चर्चापानांचे परीक्षण

विकिपीडिया आपण सगळेच वापरतो, पण एखाद्या प्राध्यापकावर लेख असावा की नसावा याचा खल ज्या पानांवर चालतो, ती पाने फार थोडे जण उघडतात. इंग्रजी विकिपीडियावरची ही पाने मी बरीच वर्षे वाचत आले आहे आणि या ज्ञानकोशाची खरी पारख तिथेच होते, असे माझे मत झाले आहे.

लेख वगळावा असे कोणी सुचवले की साधारण सात दिवस चर्चा खुली राहते. संपादक आधी ठळक अक्षरांत ‘ठेवा’ किंवा ‘वगळा’ असे लिहितात आणि पुढे कारण देतात. निकाल हात मोजून नव्हे, तर युक्तिवादांचे वजन पाहून लागतो. अभ्यासकांसाठी आठ वेगळे निकष आहेत आणि त्यांतला एक पुरा झाला तरी पुरतो. संशोधकाचे नाव वर्तमानपत्रात क्वचितच येते, त्याच्या कामाचा ठसा इतरांच्या निबंधांत उमटतो, हे या निकषांनी ओळखले आहे, आणि ही मला या व्यवस्थेची सर्वांत जमेची बाजू वाटते.

मात्र निकष हाताशी असूनही चूक होते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा मे २०१८मध्ये, दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता (म्हणजे स्वतंत्र लेख असण्याची पात्रता) दिसत नाही, असा शेरा मारून नाकारण्यात आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि मग त्या दिवशीच लेख उभा राहिला. लेसरचा स्पंद आधी ताणायचा, मग त्याची शक्ती वाढवायची आणि शेवटी तो पुन्हा दाबून आखूड करायचा, ही त्यांची आणि जेरार्ड मुरू यांची पद्धत १९८५पासून प्रसिद्ध होती. शिवाय २०१३मध्ये त्या अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, आणि मोठ्या विद्वत्संस्थेचे सर्वोच्च पद हा त्या आठांपैकीच एक निकष आहे. मसुदे तपासणारे स्वयंसेवक असतात, समोर ढीग असतो, हे मला मान्य आहे; तरी संदर्भ अपुरे असणे आणि व्यक्ती अपात्र असणे या दोन गोष्टींतला फरक त्या शेऱ्यात वाचणाऱ्याला कळत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

क्लॅरिस फेल्प्स यांचे प्रकरण अधिक अवघड होते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत ११७व्या मूलद्रव्याच्या निर्मितीसाठी लागणारे बर्केलियम हे मूलद्रव्य शुद्ध करणाऱ्या गटात त्या होत्या. मोठ्या गटाच्या श्रेयातला एका व्यक्तीचा वाटा कसा मोजायचा आणि प्रयोगशाळेने स्वतःच छापलेली माहिती स्वतंत्र संदर्भ मानायची का, यावर २०१९मध्ये कडाक्याचा वाद झाला. लेख वगळला गेला आणि २०२०च्या सुरुवातीला परतला. त्या चर्चेत काही जण तावातावाने बोलले, पण ‘वगळा’ म्हणणाऱ्यांचेही प्रश्न खरे होते, आणि ते सगळे आजही वाचता येतात. आपल्या वाईच्या विश्वकोशाच्या नोंदी विद्वानांनी नेटाने घडवल्या, पण कोणती नोंद का गाळली हे वाचकाला कधी दिसले नाही. इथे ते दिसते.

मराठी वाचकाने एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. एखाद्याच्या लेखनाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, याचे गूगल स्कॉलर या शोधसेवेवरचे आकडे या चर्चांत सर्रास पुढे केले जातात. मानव्यविद्यांत ते भरवशाचे नाहीत असे निकषांतच म्हटले आहे, तरी घाईत हे विसरले जाते, आणि मराठी नियतकालिकांतून आयुष्यभर लिहिलेल्या अभ्यासकाचे पारडे त्यामुळे हलके पडते. अशा वेळी चर्चेत नुसते ‘ठेवा’ लिहून उपयोग होत नाही. त्या अभ्यासकाच्या ग्रंथांची छापून आलेली परीक्षणे अंक आणि पृष्ठक्रमांकासह द्यावी लागतात. परीक्षण मराठीत आहे म्हणून नियमाने ते बाद होत नाही.

पारदर्शकतेला मी पाचपैकी पाच गुण देते, मसुदा नाकारताना दिल्या जाणाऱ्या शेऱ्यांना दोनच.