ग्रीक शोकांतिकेवरची व्याख्यानमाला: इडिपसला न्याय, अँटिगनीवर अन्याय

प्राचीन ग्रीक शोकांतिकेतील नियती आणि देवांविरुद्धचे माणसाचे बंड या विषयावरची ही ध्वनिमुद्रित व्याख्यानमाला मी दोनदा ऐकली, आणि एक मोठा आक्षेप असूनही ती घ्यावी असेच मी म्हणेन.

सोफोक्लिसच्या 'इडिपस राजा'वरचे व्याख्यान अप्रतिम आहे. कोरिंथहून आलेला दूत तिथला राजा पॉलिबस, ज्याला इडिपस आपला पिता समजतो, त्याच्या मृत्यूची बातमी देतो. आपल्या हातून पित्याची हत्या होण्याचे भाकीत टळले म्हणून इडिपसला हायसे वाटते, आणि त्याची उरलीसुरली भीतीही जावी म्हणून तो दूत सांगून टाकतो की पॉलिबस त्याचा जन्मदाता नव्हताच. व्याख्याते इथे घाई करत नाहीत. थीब्जमधली साथ हटवण्यासाठी तिथला आधीचा राजा लायस याच्या खुन्याचा बंदोबस्त करा, एवढेच अपोलो देवाने सांगितले होते. इडिपसची पत्नी योकास्टा कळवळून थांबवत असतानाही स्वतःच्या जन्माचा छडा लावण्याचा हट्ट मात्र सर्वस्वी इडिपसचा, हे त्यांनी संवाद उलगडत दाखवले आहे. हे दुःख अपोलोने आणले, पण डोळ्यांवर घाव घातला तो माझ्याच हाताने, असे, लायस हाच आपला पिता होता हे कळल्यावर स्वतःचे डोळे फोडून घेणारा इडिपस शेवटी सांगतो, तेव्हा नियतीने सारे हिरावून घेतलेल्या माणसाकडेही स्वतःचे म्हणावे असे काय उरते, हे ऐकणाऱ्याला लख्ख कळते.

आक्षेप आहे तो 'अँटिगनी'बद्दल. तिला देवांविरुद्ध बंड करणाऱ्यांच्या पंक्तीत बसवले आहे, आणि हे मला मुळीच पटले नाही. ती मोडते तो तिच्या भावाचे दफन करू नये हा राजा क्रेऑनचा हुकूम, आणि तोही देवांच्या अलिखित कायद्यांचा आधार घेऊन. देवांची मर्यादा ओलांडतो तो क्रेऑन: देवराज झ्यूसच्या गरुडांनी प्रेताचे लचके तोडून थेट त्याच्या सिंहासनापाशी नेले तरी मी दफन होऊ देणार नाही, असे तो द्रष्ट्या टायरेसियसला सुनावतो. विषयाच्या दृष्टीने इतके मोलाचे वाक्य व्याख्यानात आलेच नाही, याची हळहळ वाटते.

युरिपिडीसच्या मृत्यूनंतर, इ.स.पूर्व ४०५च्या सुमारास रंगभूमीवर आलेले 'बॅके' अगदी घाईत उरकले आहे. डायोनिससला देव मानायला नकार देणारा राजा पेन्थिअस त्याच देवाच्या हातून स्त्रीवेश चढवून घेतो आणि केसांची बट नीट बसली का, याची काळजी करतो, या थरकाप उडवणाऱ्या प्रसंगाला जेमतेम दोन वाक्ये मिळाली आहेत.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. नाटके आधी वाचून मगच ऐकायला बसावे.