दोन्ही सीझन तिकिटं, एक अख्खा हंगाम: यूकॉनचं महिला आणि पुरुष बास्केटबॉल

आधी निकाल सांगून टाकतो. २०२४-२५ च्या हंगामात यूकॉनच्या, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाच्या, महिला आणि पुरुष अशा दोन्ही बास्केटबॉल संघांची सीझन तिकिटं घेतली होती. नोव्हेंबर ते मार्च दोन्ही आलटून पालटून वापरली. पुढच्या वर्षासाठी महिलांचं कायम ठेवलंय, पुरुषांचं सोडलं. पुरुषांचे सामने आता हवे तेवढेच सुटे तिकीट काढून बघणार. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या आसपास नव्यानं आलेली आपली मंडळी "दोन्हींतलं कुठलं घ्यावं?" असं नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय. ऑफिसात यावर ठरलेलं उत्तर मिळतं: खरं बास्केटबॉल पुरुषांचं, मुलींचे सामने पोराबाळांना घेऊन जायला बरे. मला ते पटत नाही.

कनेटिकटात एनबीएचा संघ नाही, फुटबॉल-बेसबॉलच्या मोठ्या लीगचाही नाही. हिवाळ्यात अख्खं राज्य घसा बसेपर्यंत ओरडतं ते विद्यापीठाच्या संघांसाठी. आणि तुलना करायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे दोन्ही संघ तोलामोलाचे आहेत. डॅन हर्लीच्या पुरुष संघानं २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. जीनो ऑरिएमा महिला संघाचे कोच आहेत १९८५ पासून, आणि २०२५ पर्यंत त्यांची विजेतेपदं बारा झाली. २००४ आणि २०१४ साली तर दोन्ही संघ एकाच वर्षी विजेते होते. म्हणजे इथे कुणी महिलांचा सामना सहानुभूती म्हणून बघायला जात नाही.

नियमांतला फरक थोडक्यात. बास्केटची उंची दोन्हीकडे दहा फूट, शॉट क्लॉक (चेंडू हाती आल्यावर बास्केटकडे टाकायची मुदत) दोन्हीकडे ३० सेकंदांचं. थ्री-पॉइंटची रेषाही २०२१-२२ पासून सारखीच, २२ फूट पावणेदोन इंच. महिलांचा चेंडू परिघानं एक इंच लहान, साडेअठ्ठावीस इंचांचा. पुरुष वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ खेळतात, महिला २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. हा शेवटचा फरक कागदावर किरकोळ वाटतो. सीटवर बसल्यावर मात्र सगळ्यात जास्त तोच जाणवतो, त्यावर पुढे येतो.

खेळाच्या दर्जाबद्दल. पुरुष जास्त उंच, जास्त वेगवान, जास्त उंच उडणारे. यात वाद घालण्यात अर्थ नाही, आणि महिला संघाचे जुने प्रेक्षकही घालत नाहीत. प्रश्न असा की त्या वेगातून प्रेक्षकाच्या पदरात काय पडतं. एक उदाहरण देतो, कारण हा प्रकार मी हंगामभर दोन्ही संघांकडून पाहिला. महिला संघाची सारा स्ट्राँग चेंडू घेऊन बास्केटपासून पंधरा-वीस फुटांवर उभी. तिची सहकारी ॲझी फड तिच्या हातातून चेंडू घ्यायला धावत येते असं दिसतं. फडचा नेम सगळ्यांना माहीत, त्यामुळे तिच्यावर असलेली बचावपटू अर्धं पाऊल पुढे टाकते. त्याच क्षणी फड एका पायावर वळते आणि मागून बास्केटकडे सुटते. स्ट्राँगनं तोपर्यंत मान दुसरीकडे वळवलेली असते. चेंडू जमिनीवर एक टप्पा खाऊन बरोबर फडच्या हातात. सोपा ले-अप, म्हणजे बास्केटजवळून अलगद टाकलेला चेंडू. टाळ्या पडतात त्या याच अर्ध्या पावलाला.

पुरुषांचा संघही हेच करतो. हर्लीच्या आक्रमणात पडद्यांची (बचावपटूच्या वाटेत आडवं उभं राहून सहकाऱ्याला मोकळं करण्याची) आणि धावांची जेवढी गुंतागुंत असते तेवढी कॉलेजच्या फार थोड्या संघांत असेल. "पुरुष नुसते उड्या मारतात" हे म्हणणाऱ्यांनी त्यांचा सामना नीट पाहिलेला नसतो. पण तिथे बचावपटूचे हात इतके लांब आणि पाय इतके चपळ असतात की ती फट उघडते आणि डोळ्याची पापणी लवेपर्यंत बंद होते. वरच्या रांगेतून आपल्याला दिसतो तो शेवट: चेंडू रिंगच्या वर, एक हात, डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं). शेवट जबरदस्त असतो, पण तो कसा घडला ते घरी जाऊन मोबाईलवर बघावं लागतं. महिलांच्या सामन्यात मला ते जागेवर बसून कळतं. बास्केटबॉल समजायला लागलं ते मुलींचे सामने बघूनच, हे मी बिनदिक्कत सांगतो.

माझे सासरे सांगलीहून थंडीत आले होते. तरुणपणी ते तालमीत आणि व्हॉलीबॉलच्या मैदानात वाढलेले. त्यांना दोन्हीकडे नेलं. परत येताना गाडीत त्यांचा निवाडा: "जावईबापू, ह्या पोरी डोक्यानं खेळतात, मान्य. पण तिकिटाचे पैसे वसूल होतात ते त्या पोराच्या उडीनं." हेही खरंच आहे. महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये पहिला डंक झाला १९८४ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियाच्या जॉर्जिएन वेल्सचा, आणि आजही तो इतका दुर्मीळ आहे की झाला तर बातमी होते. ज्याला अंगावर काटा आणणारी एक उडी हवी असेल त्यानं पुरुषांचंच तिकीट काढावं.

आता शेवटच्या मिनिटांबद्दल. पुरुषांच्या चुरशीच्या सामन्याची शेवटची दोन मिनिटं म्हणजे लग्नाच्या हॉलच्या दारातल्या गप्पा: "निघतो" म्हणतात सगळे आणि निघत कुणीच नाही. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करतो, मग फ्री थ्रो, मग टाइमआउट, मग पंच मॉनिटरवर वाकून बघतात, पुन्हा फाउल. पुरुषांत हाफमधल्या सातव्या फाउलपासून "पहिला टाकला तरच दुसरा" असा फ्री थ्रो मिळतो आणि दहाव्यापासून सरळ दोन. फाउलची मोजणी वीस मिनिटं चालूच राहते, त्यामुळे दोन्ही संघ लवकर फाउल करून बसले की उरलेला हाफ शिट्ट्यांमध्येच जातो. महिलांत क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो, आणि नवा क्वार्टर आला की मोजणी पुन्हा शून्यावर. शिवाय शेवटच्या मिनिटात टाइमआउट घेतला की चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं आत टाकता येतो. पुरुषांना ही सोय नाही. तीन सेकंद उरले असतील तर अख्खं मैदान ओलांडायचं किंवा लांबून भिरकावायचा. महिलांत त्याच तीन सेकंदांत कोच एक आखलेली चाल खेळवू शकतो. एवढ्या एका नियमानं शेवट बघण्यासारखे होतात. पुरुषांसाठी हा नियम अजून का नाही हे मला कळलेलं नाही.

पण तिकीट कायम ठेवण्याचं खरं कारण वेगळंच आहे: मुली टिकतात. २०२४ ला विजेता झालेल्या पुरुष संघाच्या पहिल्या पाचांतले चौघे पुढच्या हंगामात नव्हते. स्टेफन कॅसल एका वर्षात एनबीएत गेला, डोनोवन क्लिंगन दोन वर्षांत. राहिला फक्त ॲलेक्स कॅराबॅन. मग नव्यानं नावं पाठ करा, आणि ती पाठ होईपर्यंत लिअम मॅकनीलीही एका वर्षात गेला. दोष पोरांचा नाही. एनबीएत बारावीनंतर एक वर्ष काढलं की दार उघडतं आणि आत कोट्यवधी डॉलर असतात. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, मात्र अमेरिकेतल्या मुलीला त्या वर्षी २२ पूर्ण होत असावी लागतात किंवा कॉलेज संपलेलं असावं लागतं. आत गेल्यावर पगार किती? २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या यूकॉनच्या पेज बेकर्सचा पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर होता. जाहिरातींतून तिला कॉलेजमध्येच त्याहून जास्त मिळत असणार. हा व्यवहार मुलींवर अन्याय करणारा आहे, आणि प्रेक्षक म्हणून माझा फायदा त्यातूनच होतो. ही गोष्ट मला खटकते, पण आहे ती अशी आहे.

बेकर्स २०२० ला आली, पहिल्याच वर्षी देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. मग गुडघा गेला आणि २०२२-२३ चा अख्खा हंगाम बाकावर. २०२४ ला राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, तेव्हाची सर्वांत गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिच्या आयोवाकडून ७१-६९ नं हार, तीही शेवटच्या चार सेकंदांत यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सवर आक्रमणात केलेल्या फाउलसाठी वाजलेल्या शिट्टीवर. त्या शिट्टीबद्दल कनेटिकटात अजूनही जपून बोलावं लागतं. आमच्या पुढच्या रांगेत एक सत्तरीच्या आजी बसतात. मांडीवर वही, त्यात पेन्सिलीनं प्रत्येक फाउलची नोंद. कुणाचा गुडघा कुठल्या महिन्यात गेला आणि कोण कधी परत आलं, हे त्यांना न बघता सांगता येतं. फड वॉर्म-अपला धावत आली की आजी आधी तिच्या पायांकडे बघायच्या, मग चेंडूकडे. पुरुषांच्या सामन्यात असं नातं जुळायला खेळाडूला वेळच मिळत नाही.

महिला संघाचे मार्क कमी करायचे तर ते एकतर्फी सामन्यांचे, आणि ते मी पूर्ण कापतो. बिग ईस्ट लीगमध्ये महिला संघ २०२४-२५ च्या हंगामात १८ पैकी १८ सामने जिंकला. यातले बरेचसे मध्यंतरालाच संपलेले असतात. तिसऱ्या क्वार्टरनंतर लोक पार्किंगच्या विचारानं कोट चढवायला लागतात. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या, आमच्या गॅम्पल पॅव्हिलियनमध्ये (विद्यापीठाच्या स्टोर्समधल्या मैदानात) झालेल्या पहिल्या फेरीत आर्कान्सॉ स्टेटविरुद्ध स्कोअर होता १०३-३४. असा सामना बघताना मजा येत नाही, समोरच्या संघाची दया येते. चांगली घरची लढत म्हणजे डिसेंबरात हार्टफर्डला झालेली यूएससीविरुद्धची (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाविरुद्धची): जुजू वॉटकिन्सच्या संघानं मोठी आघाडी घेतली, यूकॉननं ती खात आणली आणि तरी ७०-७२ नं हरले. तिकिटाची किंमत त्या एका संध्याकाळी वसूल झाली. पण अशा संध्याकाळी हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुरुष संघाचं उलटं: कुठलाही मंगळवारचा सामना फसू शकतो, आणि त्या हंगामात तर वारंवार फसला. माउईच्या स्पर्धेत लागोपाठ तीन पराभव, शेवटी राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत फ्लोरिडाकडून ७५-७७.

मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेतही हाच फरक. तिथे संघ चार गटांत असतात, प्रत्येक गटात पहिलं ते सोळावं मानांकन. पुरुषांत सोळाव्या मानांकनानं पहिल्याला दोनदा लोळवलंय, २०१८ ला यूएमबीसीनं आणि २०२३ ला फेअरली डिकिन्सननं. महिलांत एकदाच, १९९८ मध्ये हार्वर्डनं स्टॅनफर्डला. एक कारण असं की महिलांच्या पहिल्या दोन फेऱ्या वरच्या सोळा संघांच्या घरच्या मैदानावर होतात, पुरुषांच्या त्रयस्थ ठिकाणी. तरी "मुलींचं सगळं आधीच ठरलेलं" म्हणणाऱ्यांना २०२५ नं बरी चपराक दिली: पुरुषांच्या शेवटच्या चारांत चारही अव्वल मानांकित होते, आणि महिलांचं विजेतेपद दुसऱ्या मानांकित यूकॉननं नेलं. अंतिम सामन्यात कोच डॉन स्टेलीच्या साउथ कॅरोलिनाला ८२-५९. फडचे २४ गुण, स्ट्राँगचे २४ आणि १५ रिबाउंड. स्ट्राँग तेव्हा पहिल्या वर्षाला होती.

टीव्हीच्या आकड्यांवरून लोक भांडतात म्हणून तेही. २०२४ मध्ये महिलांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाख. असं पहिल्यांदाच झालं. २०२५ मध्ये क्लार्क नव्हती आणि महिलांचा आकडा ८५ लाखांच्या आसपास आला, पुरुषांचा १ कोटी ८१ लाखांवर गेला. दोन्ही बाजू आपल्या सोयीचं वर्ष निवडतात. मला विचाराल तर ज्या स्पर्धेला २०२२ पर्यंत "मार्च मॅडनेस" हे नावसुद्धा वापरू दिलं नव्हतं, आणि जिथे २०२१ ला सॅन अँटोनिओत व्यायामासाठी डंबेल्सचा एक छोटा स्टँड ठेवला होता (खेळाडू सिडोना प्रिन्सनं काढलेला तो व्हिडिओ आठवत असेल), तिचा सामना एकतर्फी असूनही ८५ लाख लोक बघतात, हे पुरेसं बोलकं आहे.

घ्यायचं असेल तर काही सूचना. घरात शाळेत बास्केटबॉल खेळणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर डोळे झाकून महिलांचं घ्या. माझी लेक तिथे पाय कुठे ठेवायचा ते बघून येते आणि दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेत करून बघते. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार होती हे तिला मी सांगितलं होतं, पण समोर खेळताना बघण्याची गोष्ट वेगळी. मोठा सामना असेल तर तिकीट आधीच घ्या. ऐन वेळी एका ॲपवरून घ्यायला गेलो तेव्हा शुल्कानंच डोळे पांढरे झाले. स्टोर्सचं गॅम्पल लहान, आवाज छतावरून परत अंगावर येतो. हार्टफर्डचं मैदान मोठं, पण ऑफिसातून जायला सोपं. आणि जागा निवडताना बास्केटच्या मागची घेऊ नका. कोपऱ्यातली, दहा-बारा रांगा वरची घ्या. स्वस्त पडते, आणि चेंडू नसलेल्या चार जणी काय करताहेत ते तिथूनच दिसतं.