नोडवर सीजीआय चालवायचंय? कनेक्ट लायब्ररीचा माझा अनुभव

आमच्या ऑफिसात अंतर्गत कामाच्या बऱ्याच जुन्या पर्ल आणि शेल स्क्रिप्ट आहेत, सगळ्या सीजीआय, म्हणजे दर रिक्वेस्टला वेब सर्व्हर वेगळा प्रोग्राम चालवून त्याचं उत्तर ब्राउझरला देतो, ती जुनी पद्धत. शिवाय गिटच्या रिपॉझिटरी एचटीटीपीवरून द्यायला गिटसोबत जो गिट-एचटीटीपी-बॅकएंड येतो तोही सीजीआय प्रोग्रामच आहे, हे खूप जणांना माहीतच नसतं. हे सगळं मी बरेच दिवस नोडच्या (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) कनेक्ट लायब्ररीवर चालवतोय आणि मला ती मनापासून आवडलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आता सीजीआय कोण वापरतं असं विचाराल तर, गोष्ट १९९३ ची आहे हे खरं, पण नियम अजून तेच आहेत आणि २००४ मध्ये आरएफसी ३८७५ या दस्तऐवजात नीट लिहून ठेवलेत. रिक्वेस्टची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, बॉडी स्टँडर्ड इनपुटवर, आणि प्रोग्रामने हेडर, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर असं प्रिंट करायचं, संपलं. कुठलीही भाषा चालते. अडचण एवढीच की आजूबाजूचा आधार कमी होत चाललाय: पर्लने ५.२२ ला, म्हणजे २०१५ मध्ये, सीजीआय मॉड्यूल कोअरमधून काढलं, पायथनने ३.१३ ला २०२४ मध्ये तेच केलं, आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरला तर सीजीआय थेट येतच नाही, मध्ये एफसीजीआयरॅप नावाचा जोडप्रोग्राम बसवावा लागतो. अपाचे आहेच की, पण आधीच नोड चालू असलेल्या मशिनवर चार स्क्रिप्टसाठी अपाचे कोण बसवणार.

कनेक्ट म्हणजे अगदी छोटी चीज, आलेली रिक्वेस्ट एकामागून एक हँडलरकडे, म्हणजे ती हाताळणाऱ्या फंक्शनकडे, देणारी. एक्सप्रेस हे नोडचं वेब फ्रेमवर्क पूर्वी हिच्यावरच उभं होतं, नंतर चौथ्या आवृत्तीपासून वेगळं झालं. कनेक्टला थेट डिपेंडन्सी फक्त चार, राउटर नाही, टेम्प्लेट नाही, स्वतःहून एकही हेडर घालत नाही. शेवटची आवृत्ती ३.७.० ही २०१९ ची आहे, ते बघून काही जण बिचकतात, पण करायचं कामच एवढं लहान आहे की मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

सीजीआयला ही का जमते ते सांगतो. समजा तुम्ही हँडलर /गिट वर माउंट केला (म्हणजे /गिट ने सुरू होणाऱ्या रिक्वेस्ट त्याच्याकडे वळवल्या) आणि रिक्वेस्ट आली /गिट/हिशोब.गिट/इन्फो/रेफ्स अशी, तर कनेक्ट पुढचा /गिट कापून उरलेला भाग यूआरएलमध्ये देते आणि मूळ पत्ता ओरिजिनलयूआरएलमध्ये जपून ठेवते. आता सीजीआयला नेमकं हेच हवं असतं! कापलेला तुकडा स्क्रिप्ट नेम, उरलेल्यातला प्रश्नचिन्हाआधीचा भाग डीकोड करून पाथ इन्फो, नंतरचा भाग क्वेरी स्ट्रिंग. गिटचा बॅकएंड प्रोजेक्ट रूटला हा पाथ इन्फो जोडून रिपॉझिटरी शोधतो, त्यामुळं इथं चुकलं की क्लोनच होत नाही, आणि कनेक्टमुळं हे आयतं बरोबर येतं.

दुसरं म्हणजे ती बॉडीला हातच लावत नाही. स्पॉनने स्क्रिप्टची प्रोसेस सुरू केली, रिक्वेस्ट सरळ प्रोसेसच्या इनपुटला पाइप केली की झालं, मोठा गिट पुशसुद्धा मेमरीत न साठवता वाहत जातो. फक्त त्याआधी बॉडी पार्सर लावू नका, नाहीतर तो सगळी बॉडी पिऊन टाकतो आणि स्क्रिप्टला कंटेंट लेंग्थ दिसते पण वाचायला एक बाइटही मिळत नाही.

माउंटबद्दल एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. पाथ जुळवताना कनेक्ट कॅपिटल-स्मॉल बघत नाही, आणि /गिट वर लावलेलं /गिट नंतर टिंब असलेल्या पत्त्यालाही लागू होतं. म्हणून लॉगिनची तपासणी वेगळीकडे स्वतः स्ट्रिंग जुळवून करू नका, त्याच माउंटवर, स्क्रिप्टच्या आधी लावा.

बाकी सीजीआयचं सगळं काम तुमचंच आहे आणि ते हलक्यात घेऊ नका. प्रोसेस सुरूच झाली नाही, म्हणजे एक्झिक्यूट परमिशन नाही किंवा विंडोजवर सेव्ह केल्यामुळं पहिल्या ओळीच्या शेवटी जादा कॅरेक्टर आलंय (तेव्हा फाइल समोर असूनही एनोएंट, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’, असा एरर येतो, माणूस चक्रावतो), तर चाइल्डवर (सुरू केलेल्या प्रोसेसच्या ऑब्जेक्टवर) एरर इव्हेंट येतो आणि तो पकडला नाही तर अख्खा सर्व्हर आडवा. स्क्रिप्ट इनपुट न वाचताच संपली तर ईपाइप (पलीकडे वाचणारं कोणी उरलं नाही) हा एरर येतो, तोही पकडला नाही तर तसाच सर्व्हर पाडतो, म्हणून स्टँडर्ड इनपुटवर वेगळा एरर हँडलर हवाच. ब्राउझर मध्येच बंद झाला तर रिस्पॉन्सच्या क्लोजवर प्रोसेस मारा. एका वेळी किती प्रोसेस चालतील याला कनेक्टकडे काहीच मर्यादा नाही, साधा काउंटर ठेवा आणि वर गेलं की ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) द्या.

आउटपुट वाचताना रिकामी ओळ दोन तुकड्यांमध्ये विभागून येऊ शकते, तेव्हा ती सापडेपर्यंत बफर जमवत राहा. स्टेटस हेडर आला तर तो कोड लावायचा, आणि सेट-कुकी एकापेक्षा जास्त असतील तर सेटहेडर आधीची पुसून टाकतो, तिथं अपेंडहेडर वापरा.

एन्व्हायर्नमेंटबाबत मी फार कडक आहे. स्पॉनला एन्व्ह दिला नाही तर नोडचे सगळे व्हेरिएबल, डेटाबेसच्या पासवर्डसकट, स्क्रिप्टला जातात, तर कोरा ऑब्जेक्ट बनवून हवं तेवढंच द्या. आणि प्रॉक्सी नावाचा हेडर गाळाच, कारण नियमाप्रमाणे तो एचटीटीपी_प्रॉक्सी होऊन बसतो आणि स्क्रिप्टच्या बाहेर जाणाऱ्या रिक्वेस्ट कोणीही आपल्याकडे वळवू शकतो, २०१६ चं एचटीटीपॉक्सी प्रकरण ते हेच.

टीमपुरती अंतर्गत टूल्स, गिट सर्व्हर, अधूनमधून लागणारे रिपोर्ट यांना डोळे झाकून घ्या. सतत गर्दी असलेल्या साइटला नको, दर रिक्वेस्टला नवी प्रोसेस तिथं परवडत नाही. आणि गिटसाठी लावणार असाल तर नोड १८ पासून रिक्वेस्ट पूर्ण यायला डिफॉल्ट ३०० सेकंदच मिळतात, संथ लाइनवरून मोठा पुश मध्येच ४०८ (वेळ संपली) देऊन तुटत असेल तर कनेक्टला दोष देण्याआधी सर्व्हरचा रिक्वेस्टटाइमआउट वाढवून बघा.