हॅमस्टरचा दुमजली तारेचा पिंजरा: घ्यावा का?

पेट शॉपमध्ये हॅमस्टरबरोबर हमखास गळ्यात मारला जाणारा हा पिंजरा. रंगीत प्लास्टिकचा ट्रे, वर तारांची जाळी, शिडी, चाक आणि पाण्याची बाटली. दिसतो छान, पण प्राण्याच्या सोयीचा अजिबात नाही.

सगळ्यात वाईट भाग म्हणजे चाक. ते जेमतेम 12-14 सेंमी व्यासाचं असतं. सीरियन हॅमस्टरला 28 सेंमीच्या आसपास, तर बुटक्या जातींना 20 सेंमी व्यास हवा. लहान चाकात धावताना पाठ उलटी वाकते. त्यात पायऱ्या दांड्यांच्या असतील तर पाय अडकून मोडतोसुद्धा. धावपट्टी सलग असलेलं चाक वेगळं घ्या.

ट्रे इतका उथळ की भुसा चार बोटंसुद्धा मावत नाही. बिळं करायला किमान 20 सेंमी थर लागतो. तो नसला की तारा चावणं सुरू. तारांमधलं अंतरही मोजा: 1 सेंमी असेल तर बुटकं पिल्लू निसटू शकतं. डोकं गेलं की अंग जातंच.

बाटली चालेल. फक्त उलटी टांगल्यावर नळीतली गोळी रोज बोटाने ढकलून पाणी येतंय ना बघा, कारण हवेचा बुडबुडा अडकला की पाणी बंद.

याच पैशात शक्य तितका मोठा प्लास्टिकचा टब घेऊन झाकणाला जाळी लावा. जर्मनीतल्या पशुवैद्यकांची शिफारस 100 × 50 सेंमी तळाची आहे. हा पिंजरा डॉक्टरकडे नेण्यापुरता ठीक, तोही चाक काढून.