डॅशबोर्डमधला टायमर थांबवणं: पावसाळ्यापासूनच्या वापरानंतरचा अनुभव

इंदूरला देवास नाक्यावरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्यांचा डॅशबोर्ड मी सांभाळतो. कुठली गाडी भरली, कुठली निघाली, याची माहिती दर पंधरा सेकंदांनी सर्व्हरकडून येते. ऑफिसातल्या टीव्हीवर हे पान सकाळी लागतं ते रात्रीच बंद होतं, त्यामुळे टायमरमधली ढिलाई इथे लपत नाही. आधीच्या कोडमध्ये सेटइंटरव्हल (ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा पुन्हा करणारा जावास्क्रिप्टचा टायमर) होतं, पण ते थांबवणारं काहीच नव्हतं. 'गाड्या'च्या पानावरून 'बिल्टी'च्या (मालाच्या पावतीच्या) पानावर जाऊन परत आलं की जुना टायमर चालूच, वर आणखी एक नवा. दुपारपर्यंत पडदा अडखळायला लागायचा.

पावसाळ्यात ते सगळं बदललं. सेटइंटरव्हल जो आकडा परत देतं तो जपून ठेवायचा आणि रिॲक्टच्या (पानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या) यूजइफेक्टमधल्या क्लीनअप फंक्शनमधून, म्हणजे पानाचा भाग काढताना चालणाऱ्या कोडमधून, टायमर थांबवणाऱ्या क्लिअरइंटरव्हलला द्यायचा. माझी तक्रार एकच: आकडा चुकीचा गेला तरी क्लिअरइंटरव्हल एरर देत नाही, काही घडलंच नाही असं गप्प बसतं. म्हणून ब्राउझरच्या डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्या थांबलेल्या दिसेपर्यंत मी काम झालं असं मानत नाही. रिॲक्ट १८ चा स्ट्रिक्ट मोड (चुका आधीच उघड करणारी तपासणी) इथे फार उपयोगी पडला. डेव्हलपमेंटमध्ये तो कंपोनंट (पानाचा तुकडा) एकदा लावून, काढून, पुन्हा लावतो; क्लीनअप राहिलं असेल तर विनंत्या लगेच दुप्पट दिसतात. कटकट म्हणून तो बंद करू नका.

खरा कस लागला तो इंटरनेट मंद असताना. सेटइंटरव्हल आधीच्या उत्तराची वाट पाहत नाही. उत्तराला वीस सेकंद लागले तरी पंधराव्या सेकंदाला पुढची विनंती जातेच. म्हणून आता उत्तर आल्यावरच सेटटाइमआउटने (एकदाच चालणाऱ्या टायमरने) पुढची फेरी लावतो. पण यात एक फट राहते. क्लीनअप झालं त्या क्षणी विनंती वाटेत असेल, तर रद्द करायला टायमरच नसतो, आणि मागाहून आलेलं उत्तर नवा टायमर लावून मोकळं होतं. त्यावर उपाय दोन, आणि मी दोन्ही ठेवलेत: ॲबॉर्टकंट्रोलरने वाटेतली विनंती तोडायची, आणि 'थांबलं आहे' अशी खूण तपासल्याशिवाय पुढची फेरी लावायची नाही. हे केल्यापासून टीव्ही रात्रीपर्यंत सुरळीत चालतो.

गाडी सुटायला किती वेळ उरला ते दाखवणारं घड्याळ मात्र सेटइंटरव्हलवरच आहे. क्रोम ८८ पासून, म्हणजे २०२१ पासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ मागे पडलेल्या टॅबमधला असा टायमर मिनिटातून एकदाच चालू शकतो. त्यामुळे सेकंद एकेक वजा करत बसू नये. दर वेळी डेट.नाऊ वरून (आत्ताच्या वेळेवरून) फरक काढावा. बुकिंगवाल्यांच्या कॉम्प्युटरवर टॅब मागे गेला की व्हिजिबिलिटीचेंजवर (टॅब दिसेनासा झाल्याच्या किंवा पुन्हा दिसल्याच्या ब्राउझरच्या सूचनेवर) मी फेऱ्याच थांबवतो आणि टॅब समोर आला की लगेच ताजी माहिती मागवतो.

'थांबवा' हे बटण मागितलं ते डिस्पॅचच्या काकांनी. फोनवर ड्रायव्हरला बिल्टीचा नंबर सांगताना नवी माहिती आली की ओळ खालीवर सरकायची. बटण दिलं, पण ते दाबून काका चहाला गेले की बाकीचे जुनी माहितीच ताजी समजायचे. आता पडदा थांबवला की शेवटच्या माहितीची वेळ लाल रंगात दिसते आणि दोन मिनिटांनी फेऱ्या आपोआप सुरू होतात. काकांना तेवढा वेळ पुरतो.