पडदा की सडा? नववीला समकालीन कला शिकवायची तर

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीतून चार तासिका वाचवायच्या आणि नववीच्या मुलांना समकालीन कला दाखवायची, असं मनात असेल तर दोन वाटा आहेत. वर्गात प्रोजेक्टर लावून कामं दाखवायची, नाहीतर मुलांना बाहेर नेऊन काहीतरी करायला लावायचं. देवगड तालुक्यातल्या आमच्या शाळेत मी तीन वर्षं पडदा वापरला, नंतर दोन वर्षं सडा, म्हणजे कोकणातलं कातळाचं उघडं पठार.

पडद्याला तयारी कमी लागते. एका तासिकेत सुबोध गुप्तांची स्टीलची भांडी, अतुल डोडियांची शटरवरची चित्रं, घानाच्या एल अनात्सुईंनी बाटल्यांची झाकणं तारेनं गुंफून केलेली पटलं, सगळं दाखवून होतं. कोचीची बिएनाले, म्हणजे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, 2012 पासून भरते, पण इथून मुलांना तिथवर नेणं कुणाला परवडणार? त्यामुळे पडदा कुचकामी आहे, असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र दर वर्षी खटकायची. पडद्यावर सगळं एकाच मापाचं होतं. गुप्तांची 2006 ची ‘व्हेरी हंग्री गॉड’ ही भांड्यांची कवटी माणसापेक्षा कितीतरी उंच आहे. आमच्या पडद्यावर तिच्या आधी लघुचित्र येऊन गेलं होतं, तेही तेवढंच. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ह्यां केवढां आसा?” मी हात पसरले, मग छताकडे बोट दाखवलं. माना डोलल्या, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. अनात्सुईंच्या कामाला तर सगळ्यांनी शालूच ठरवलं. लांबून कापड आणि जवळ गेलं की झाकणं, ही त्यातली गंमत पुढे-मागे चालल्याशिवाय कळत नाही. झूम केलं की झाकणं दिसतात, पण कापड जातं. दुसऱ्या दिवशी वह्या उघडल्या तर पानोपानी कवटी, तीही छान छायाप्रकाश देऊन. म्हणजे फिरून वस्तुचित्रच. तिसऱ्या वर्षीही तसंच झालं, तेव्हा मी पडदा गुंडाळून ठेवला.

सड्यावर जाण्याआधी वर्गात फक्त एवढंच सांगितलं: रिचर्ड लाँग नावाचा इंग्रज शिल्पकार 1967 साली एका गवताळ रानात त्याच त्या वाटेवरून येरझाऱ्या घालत राहिला, गवत दबून सरळ रेघ उमटली, तिचा त्यानं फोटो काढला. गणपती झाले की आमच्या सड्यावर पोटरीभर गवत असतं. आठ-आठ जणांचे गट केले आणि चालायला सांगितलं. वीस मिनिटांनी मुलं बाजूला उभी राहून बघतात तर काहीच दिसेना. हिरमुसली. एवढ्यात एक मुलगी रेघेच्या टोकाला जाऊन उकिडवी बसली आणि ओरडली, “हयसून दिसता!” दबलेल्या गवतावरून ऊन वेगळं परततं, त्यामुळे एका बाजूनं रेघ उजळते आणि दुसरीकडून हरवते. मग फोटो कुठून काढायचा यावर वाद रंगला. कुडोपीची कातळशिल्पं पाहून आलेला मुलगा म्हणाला, तिथेही चित्राभोवती फिरल्याशिवाय आकार कळत नाही. फोटोचं महत्त्व मला वेगळं शिकवावं लागलं नाही. पुढच्या तासिकेला किनाऱ्यावर वाहून आलेली प्लॅस्टिकची झाकणं दाभणानं भोकं पाडून तंगुसात ओवली, तेही बरं जमलं.

सड्याला कटकटी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. गवतात फुरसं असतं. मुलांच्या पायात बूट हवेत, आधी काठीनं जागा झोडपून घ्यायला हवी आणि सोबत आणखी एक शिक्षक हवाच. चार दिवसांत गवत उठतं, रेघ जाते, मग गुण कशाला द्यायचे? मी फोटो आणि वहीतल्या अर्ध्या पानाच्या टिपणावर देतो. पालकही विचारतात, “ह्या परीक्षेत येता काय?”

वर्गात साठ मुलं असतील आणि हाताशी दुसरं कुणी नसेल, तर पडद्यावरच भागवावं, त्यात कमीपणा नाही. पण दोन तासिका जरी बाहेर काढता आल्या तरी त्या काढाव्यात, असं मला वाटतं. यंदा मी दोन्ही केलं, आधी सडा आणि नंतर पडदा. तीच कवटी समोर आली तेव्हा मागच्या बाकावरून विचारणा झाली, “सर, फोटो काढणारो खंय उभो होतो?”